न उघडलेली फाईल

यादीतलं सतरावं नाव तिच्या वडिलांचं होतं.

तिनं ते पुन्हा वाचलं. नाव तेच. वय बासष्ट. पत्ता घरचा. जवळच्या नातेवाइकाच्या रकान्यात तिचाच मोबाईल नंबर. विभाग कर्करोगाचा. आठवड्याभरात तीन भेटी. नेमकं काय झालंय ते मात्र फाईल उघडल्यावरच कळणार होतं. बोट माउसवर होतंच, दाबायचाच काय तो अवकाश.

ती कॉलेजात आरोग्य माहिती व्यवस्थापन शिकत होती. शेवटचं वर्ष. महिनाभराच्या कामासाठी कॉलेजनं तिला या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात पाठवलं होतं. रोज चाळीस फायली उघडायच्या, डॉक्टरांनी लिहिलेला आजार वाचायचा आणि त्या आजारासाठी ठरलेला कोड नंबर बरोबर पडलाय का ते तपासायचं. विभागाच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना दम दिला होता, "कुणी कुठली फाईल कधी उघडली, सगळं नोंदलं जातं. ओळखीचं नाव आलं की हात वर करायचा. कुतूहल घरी ठेवून यायचं."

तिनं हात वर केला.

मॅडम आल्या. स्क्रीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"उघडलीस?"

"नाही."

"ही मी दुसऱ्या कुणाला देते." त्या निघाल्या, पण लगेच वळून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "घरीही विचारू नकोस हं. कुणाला काय सांगायचं ते पेशंट ठरवतो. बाप असला तरी इथे तो पेशंटच."

वडील मोटार चालवायला शिकवायचे. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, जास्तीच्या ब्रेकवर पाय ठेवून त्यांची तीस वर्षं गेली होती. दिवसभर गाडीत ओरडून झालं की घरी आल्यावर त्यांचं तोंड जेवायलाच उघडायचं. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात दोघंच, आणि बोलणं कामापुरतं.

हल्ली मात्र त्यांना वाचा फुटली होती. ती दारात चप्पल काढते न काढते तोच सुरू व्हायचे.

"आज किती फायली झाल्या?"

"चाळीस."

"सगळ्या विभागांच्या येतात का गं तुझ्याकडे?"

"येतात."

"नावं दिसतात?"

"बाबा, तिथलं बाहेर बोलायचं नसतं."

"घरातसुद्धा नाही?"

"घरात तर मुळीच नाही."

ते मान हलवायचे आणि ताटातला भात चिवडत बसायचे.

गुपित फुटलंय की नाही ते चाचपून बघतायत, असं तिनं ताडलं. मग ती चेहरा आणखी कोरा ठेवायला लागली. त्यांना संशयसुद्धा येता कामा नये. ते आंघोळीला गेले की खुंटीवरच्या त्यांच्या पिशवीकडे तिची नजर जायची. हात जायचा नाही. शर्टाची कॉलर त्यांना ढिली होत चालली होती. तेही ती न पाहिल्यासारखं करायची.

कामात मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. पाय टेबलाखाली सारखा हलायचा. एकच ओळ चार-चार वेळा वाचावी लागायची. एके दिवशी तिनं सत्तरीच्या आजोबांच्या नावावर बाळंतपणाचा कोड चढवून ठेवला. शेजारची मैत्रीण खो खो हसली. "अगं, बारशाचं बोलावणं आलं की मलाही घेऊन जा!" तीही हसली, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तसं बाटली भरायच्या निमित्तानं उठली. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या विभागापर्यंत जिना चढून गेली. दारावरची पाटी वाचली आणि परत खाली आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

यादीत नाव दिसल्याच्या अकराव्या दिवशी ती बाटली घेऊन बाहेर आली, तर समोरच्या बाकावर वडील बसले होते. मांडीवर हॉस्पिटलची पिवळी फाईल. रेकॉर्ड विभाग तळघरात, बोळाच्या पार टोकाला होता. इकडे पेशंट फिरकतसुद्धा नसत.

ती जागच्या जागी थबकली. काय बोलायला परवानगी आहे आणि काय नाही, याची तिच्या डोक्यात उजळणी सुरू झाली.

"बस," ते म्हणाले. "आता लपवण्यात काय अर्थ आहे? वाचलंस ना सगळं?"

"नाही."

"नाही म्हणजे? तुझ्याकडे आलीच नाही?"

"आली होती. मी उघडली नाही." तिनं मान ताठ ठेवली. "विचारलंही नाही. तुम्हाला सांगायचं असेल तेव्हा तुम्ही सांगाल म्हणून."

त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. रागावले असावेत, असं तिला वाटलं.

"अगं, आपल्या घरामागेच एवढं मोठं हॉस्पिटल आहे," ते म्हणाले. "ते सोडून दोन बस बदलून मी इथे कशाला येत असेन?"

ती बाकावर त्यांच्या शेजारी टेकली.

"तुझ्या आईच्या आजाराचं तुला मीच सांगितलं होतं. तेव्हाचं तुझं तोंड मी पाहिलंय. ते परत माझ्याच्यानं होणार नव्हतं, म्हणून इथे नाव घातलं. म्हटलं, पोरगी वाचेल." त्यांनी मांडीवरची फाईल उचलून तिच्या हातात दिली. "आता तरी वाच."