पोत्याची गाठ

सोमवारी सकाळी बाबाराव मास्तरांनी शाळेचं टाळं उघडलं, तर पोरांची बसायची सगळी पोती एकमेकांना शिवलेली!

प्रत्येक पोर आपलं पोतं घरून आणायचं आणि शाळा सुटली की कोपऱ्यात टाकायचं. गावातल्या पोरांनी पुढे बसायचं, गावाबाहेरच्या गोंडटोल्यावरच्या, म्हणजे गोंडांच्या वस्तीतल्या पोरांनी दाराशी, असं शाळा समितीनं गेल्याच महिन्यात ठरवलं होतं. आता भिंतीपासून दारापर्यंत एकच लांब पट्टी झाली होती. कोणतं पोतं कोणाचं, ते देवालाही सांगता आलं नसतं.

पोरांना काय, मजाच. जागा मिळेल तिथं धपाधप बसली. समितीचे अध्यक्ष वासुदेवराव, त्यांची सुमी लंगडत लंगडत गेली ती थेट टोल्यावरच्या जिजाला खेटून बसली.

तापात सुमीचा पाय गेला होता. पूर्वी ती दाराशी जिजाजवळच बसायची, आणि शाळा सुटली की जिजा तिला पाठुंगळी घेऊन घरी पोचवायची. गाव कुजबुजलं. अध्यक्षांचीच पोरगी अशी, मग बाकीच्यांनी काय करावं? म्हणून तर वासुदेवरावांनी तो नियम काढला. तेव्हापासून पोरगी अर्धी भाकर टाकून उठत होती, कोणाशी बोलत नव्हती. "रुसली आहे, विसरेल," असं वासुदेवराव म्हणत. त्यांची बायको आनंदाबाई काहीच म्हणत नसत.

दुपारी समिती बसली. वासुदेवराव, किराणा दुकानवाले अण्णाजी आणि टोल्यावरचा जंगलू. शाळाखात्याच्या साहेबांनी बजावलं म्हणून जंगलूला समितीत घेतलं होतं. एरवी तो वासुदेवरावांचा सालदार, लहानपणापासून त्यांच्याच घरी राबलेला. आताही तो चादर गुंडाळून खाली बसला होता.

"टाळं तुटलं नाई," मास्तर म्हणाले. "एक किल्ली माह्याजवळ, एक अध्यक्षांच्या घरी खुंटीले."

"म्हंजे कुठंतरी पाणी मुरून राह्यलं," अण्णाजी म्हणाले.

वासुदेवराव उकिडवे बसले. शिवण कुठं संपते ते त्यांनी बोटानं चाचपलं, आणि त्यांचा हात थांबला.

आर्वीच्या बाजारात दहा गाड्यांची पोती एकत्र पडतात. आपलं पोतं ओळखू यावं म्हणून गावात प्रत्येक घराची गाठ वेगळी. वासुदेवरावांच्या घरची म्हणजे दोन वेढे आणि सुतळीचं टोक उलटं आत. आजोबांपासून चालत आलेली.

"ही गाठ माह्या घरची हाय," ते म्हणाले.

"तुमच्या घरी पोते कोण शिवते?" अण्णाजींनी विचारलं.

वासुदेवराव नुसते जंगलूकडे बघत राहिले.

संशय काही आजचा नव्हता. संक्रांतीपासून जंगलू नजर चुकवत होता. दुपारच्या उन्हातही अंगावरची चादर सोडत नव्हता. गुरांच्या कोठ्याच्या दाराशी तो आणि आनंदाबाई हळू आवाजात बोलत असायचे आणि वासुदेवरावांची चाहूल लागली की दोघंही गप्प. पोरांसाठी काहीतरी मागत असेल, असं त्यांना वाटलं होतं. आता सगळं लख्ख दिसलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस!

"जंगलू, खुंटीवरची किल्ली तू घेतली?"

जंगलूनं चादर आणखी घट्ट ओढून घेतली.

"अरे, बोलत काऊन नाई?"

"अध्यक्ष, साफ सांगतो," अण्णाजी म्हणाले. "गाव पेटून राह्यलं. शिवणारा सापडला नाई, तं टोल्यावरचे समदे पोरं शाळेतून काढा लागतीन. लोक आयकणार नाईत."

जंगलूनं मान वर केली. बाहेर चिंचेखाली सुमीला पाठीवर घेऊन जिजा गोल गोल फिरत होती. कितीतरी दिवसांनी सुमी मोठ्यानं हसत होती. ते हसू आत सगळ्यांना ऐकू आलं. वासुदेवरावांनी मान फिरवली.

"मीच शिवलं मालक," जंगलू म्हणाला. "मले काढा. पण पोरायले राहू द्या."

"काऊन शिवलं?"

"असंच."

मास्तरांनी समितीतून जंगलूचा राजीनामा लिहिला, शाई पुढे केली. जंगलूनं डावा हात चादरीतून काढला, अंगठा उठवला आणि हात परत आत घेतला. जाताना रामराम घातला तोही मान लववूनच.

"अन् माह्या घरीबी उद्यापासून येजो नको," वासुदेवराव मागून ओरडले. त्यांना वाईट वाटलं, खोटं कशाला बोला? पण नमकहरामाची कीव किती करायची? पट्टी उद्या कापून टाकायची असं ठरलं आणि सभा उठली.

ते घरी आले तेव्हा दिवस मावळायचा होता. उद्या गाडी आर्वीला जायची होती आणि ओसरीत ज्वारीची पोती उघड्या तोंडानं उभी होती.

"अवो सुमीच्या माय! शेजारच्या रामाजीले बोलाव पोते शिवाले. जंगलूले काढलं म्या. शाळेतला तो उपद्व्याप त्याचाच. कबूल झाला."

आनंदाबाई आतून आल्या. त्यांनी आढ्याला खोचलेला दाभण काढला, सुतळी ओवली आणि पोत्यापाशी बसल्या. हात सरसर चालला. तोंड शिवून झालं तशी त्यांनी सुतळीचे दोन वेढे घेतले, टोक उलटं आत घातलं आणि गच्च ओढलं.

वासुदेवराव वाकून बघत राहिले.

"तुले कवा आलं हे?"

"संक्रांतीले ज्वारी सोंगताना जंगलूच्या उजव्या हातावर विळा बसला. बोटं मिटत नाईत त्याचे. तुमी कामावरून काढान, म्हणून तुमाले सांगतलं नाई," आनंदाबाईंनी दुसरं पोतं पुढं ओढलं. "तवापासून या घरचे पोते मीच शिवून राह्यली."