घोडीचा दोष
लग्नाला सहा वर्षं होऊनही पाळणा हलेना, म्हणून सासूबाई प्रतिभाला दर सोमवारी त्र्यंबकेश्वरला अनवाणी पिटाळायच्या. आज ती तळपायाचे फोड घेऊन परतली, तर नवरोबा सोफ्यावर लोळत मोबाइलच्या गेममधली घोडी गाभण करण्यात गुंग! “आई, तीनदा घोडा दाखवला, तरी राहीना ही,” तो हळहळला. बायकोसाठी मेल्याचा असा जीव कधी तुटला नव्हता. “घोडीच वांझ असंल,” सासूबाईंनी निकाल दिला. “छे गं! वयात आलीय, तब्येत ठणठणीत, माजावर आली तेव्हाच दाखवला. अडाणी माणसं उगाच घोडीला बोल लावतात. आधी घोडा तपासायचा असतो!” प्रतिभा आत गेली. दवाखान्यातून नवऱ्याच्या तपासणीसाठी दिलेली रिकामी डबी फ्रिजवर कित्येक महिने धूळ खात पडली होती. पदराने पुसून तिने ती त्याच्या छातीवर ठेवली. “घ्या, आपण कुठे अडाणी आहोत!”