पाच नट

उताराला लागताच स्टिअरिंग थरथरायला लागलं.

मास्तरांनी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. ब्रेक करकचून दाबला नाही. पिकअपच्या हौद्यात काचेची बारा तावदानं उभी बांधलेली होती आणि शेजारी लेक बसली होती. त्यांनी गिअर उतरवला, चारही इंडिकेटर लावले आणि गाडी कलाकलाने कडेला घेतली.

"काय झालं, बाबा?"

"आधी उतर. मागच्या चाकांना दगड लाव."

पुढच्या डाव्या चाकाला पाच नट हवेत. तीनच होते. त्यातल्या एकाला मास्तरांनी बोट लावलं, तर तो भोवऱ्यासारखा फिरला.

आणखी दोन वळणं घेतली असती तर चाक निखळून पुढे गेलं असतं आणि गाडी त्याच्या मागोमाग दरीत. मास्तर कठड्यावर टेकले. मग हळूहळू भीती उतरली आणि तिच्या जागी संताप चढला.

तेवीस वर्षं पिकअप चालवणाऱ्या या माणसाने शाळेत कधी शिकवलं नव्हतं. पण तेल, पाणी, हवा, दिवे आणि दोरखंड बघितल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही, हे ते भेटेल त्याला ऐकवायचे, म्हणून हे नाव पडलं होतं. आजही सगळं बघून निघाले होते. नट तेवढे बघितले नव्हते. कालच गॅरेजमधून चारही टायर नवे बसवून आणले होते. ताज्या कामावर पुन्हा हात काय फिरवायचा?

मागच्या दोन चाकांचा एकेक नट काढून त्यांनी पुढचं चाक पुरं केलं. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले. मग वीसच्या वेगाने गाडी थेट गॅरेजवर नेली.

"मिस्त्री कुठंय?"

मिस्त्री एका गाडीखालून सरपटत बाहेर आला. अकरा वर्षं तोच या गॅरेजात होता. हात पुसत उभा राहिला.

"माझी पोर होती गाडीत!" मास्तर ओरडले. "दोन नट पडले, तीन बोटाने फिरत होते. झोपेत काम करतोस का?"

"मी आवळले होते, मास्तर. गाडी जॅकवरून उतरवल्यावर पुन्हा एकदा आवळले."

"मग भुताने सोडवले?"

खोळंबलेली गिऱ्हाइकं हसली. मिस्त्री हसला नाही.

"काल इथून गेल्यावर गाडी कुठे होती?"

"माझ्या अंगणात. फाटकाला कुलूप घालून. का? आता चोर माझ्या घरात शोधणार?"

"तसं नाही. घरी कुणी चाकाला—"

"वर तोंड करून मलाच विचारतोस!" मास्तरांचा आवाज चिरकला. "चूक तुझी आणि झडती माझी? उद्या कुणाचा जीव गेला, तर तिथेही हेच विचारशील?"

गॅरेजचा मालक पुढे झाला. "अरे बाबा, चुकलं म्हण आणि मोकळा हो."

"न केलेली चूक कशी कबूल करू, शेठ?"

"मग उद्यापासून येऊ नकोस."

मिस्त्रीने एकदा मास्तरांकडे पाहिलं. खुंटीवरचा शर्ट काढला, जेवणाचा डबा उचलला आणि निघून गेला. मास्तर त्याच्यामागे दोन पावलं गेले. पण बोटाखाली फिरलेला तो नट आठवला आणि मन पुन्हा कडक झालं.

परतताना लेक म्हणाली, "बाबा, ते काहीतरी विचारत होते. पुरतं ऐकून तरी घ्यायचं."

"चोराच्या उलट्या बोंबा ऐकायला वेळ नाही मला."

संध्याकाळी पडवीत आप्पांना, म्हणजे वडिलांना, सगळं सांगितलं. आप्पांचा सगळा जन्म ट्रक चालवण्यात गेला होता. ऐकता ऐकता ते खुर्चीत ताठ झाले. कपाळाची शीर उठली.

"नट नाही आवळले? असल्या माणसाला पान्याला हात लावू देऊ नये! नातवंडाच्या जिवाशी खेळ? तू सोडून दिलंस त्याला? मी असतो तर दोन ठेवून दिल्या असत्या!"

"काढलंय त्याला कामावरून, आप्पा."

"बरं केलंस. अगदी बरं केलंस."

लेकीने चहा आणून दिला, तेव्हा आप्पांनी तिला तिच्या आत्याच्या नावाने हाक मारली. हल्ली ते मधूनमधून असं करत. तिने दुरुस्त केलं नाही. आजोबांचं मनगट तेवढं हातात धरून बसली.

सकाळी आठला काचा पोचवायच्या होत्या. मास्तर उजाडायच्या सुमारालाच उठले. तोंड धुताना अंगणातून लोखंडाचा आवाज आला. आधी वाटलं, मिस्त्री आला असेल, माफी मागायला. घ्यावं झालं पदरात, असंही मनात येऊन गेलं.

बाहेर आले, तर पिकअपच्या मागच्या चाकापाशी आप्पा उकिडवे बसले होते. अंगावर फक्त बनियन, हातात चाकाचा पाना.

"उठलास?" आप्पांचा चेहरा उजळला होता. "गॅरेजवाल्यांच्या भरवशावर राहायचं नसतं, पोरा. काल पहाटे पुढचं चाक मीच घट्ट करून ठेवलं. आज हे करतो."

आणि सगळा जोर लावून त्यांनी पाना फिरवला, सुटायच्या दिशेने.