वैद्यकाची वाट

२००२ सालचा हिवाळा. मिशिगनमधल्या सॅगिनॉ गावात काझ ब्रॉडझिक रोज जेवण झालं की कम्प्युटरवरच्या राज्यं वसवायच्या खेळाच्या फाईली उघडून त्यातला शोधांचा वृक्ष बदलत बसे. त्या खेळात एक शोध लागल्याशिवाय पुढचा लागत नसे, आणि वैद्यकाकडे जाणारी वाट बंदुकीच्या दारूतूनच जाई.

"मग सोड की ती दारू. प्यायची सुटत नाही, निदान ही तरी सोड," पिएरोगीच्या, म्हणजे पोलिश करंज्यांच्या, कडा दाबत त्याची बायको हेलन म्हणाली.

"अगं, ती काढली की खेळच बंद पडतो. सगळं तिच्यावरच टांगलंय. म्हणून वैद्यकाला वेगळी वाट करून देतोय."

लेक रेनाटा शेजारीच बसली होती. आदल्या दिवशीच ती सैन्यात नाव घालून आली होती. तिथली नोकरी केली की डॉक्टरकीचा खर्च सरकार करणार होतं.

"बाबा, माझीपण वाट बदलून दे की," ती हसत म्हणाली.

काझने मान वर केली नाही. "ती फाईल माझ्याकडे नाही, पोरी."

रेनाटा दुसऱ्याच वर्षी लढाईत मारली गेली. काझने पुन्हा तो खेळ उघडला नाही; आता काझही राहिला नाही. हेलन त्याच घरात आहे. काझने बदललेला खेळ लोक अजून नेटवरून उतरवून घेतात, आणि त्याखाली ते काय लिहितात ते हेलन वाचते. परवा एकाने लिहिलं होतं,


"छान जमलाय. पण बंदुकीशिवाय वैद्यक मिळतं, हे काही खरं वाटत नाही."