जोडीदाराची नळी

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर पाण्यात उतरा. हा टोंगा बेटांजवळचा आपला उपसागर, खाली पांढरी वाळू आणि पाठीवर हवेची टाकी बांधलेली बारा वर्षांची लुपे. गेल्या वर्षी इथेच समुद्रकाकड्या, म्हणजे तळाच्या वाळूतले काकडीसारखे मऊ प्राणी, काढताना हवा संपून तिचा भाऊ फेलेती गेला.

उतरण्याआधी सितानी मामांनी तिला बजावलं होतं, "तोंडातली काळी नळी तुझी. ही पिवळी जोडीदाराची, त्याची हवा संपली तर. आणि टाकीतली हवा दाखवणारा हा काटा लाल खुणेवर आला की वर यायचं, महाराणी. तिथे पाहुणचार करत बसायचं नाही!"

"कोण येणारे मामा? मासे?"

वाळूवर गुडघे टेकताच लुपेला दिसलं, कमरेजवळच्या पिवळ्या नळीतून बुडबुडे येत होते. थांबले. पुन्हा आले. श्वास कधीच रोखायचा नाही हे शिकूनही तिने क्षणभर रोखला. बुडबुडे येतच राहिले, सावकाश, कुणीतरी श्वास घेत असल्यासारखे. मामा तर समोर, स्वतःच्या टाकीवर होते.

काटा भराभर लाल खुणेवर आला. मामांनी अंगठा वर केला, म्हणजे आता वर चल.

लुपेने नाही म्हणून मान हलवली. ती उभी राहिली आणि फेलेतीचं तोंड जेवढ्या उंचीवर असायचं, तेवढ्या उंचीवर तिने पिवळी नळी धरली.