खरखर थांबली की

आयुष्यभर लोकांचे रेडिओ दुरुस्त केलेल्या मेकॅनिकने म्हातारपणी हौसेनं एक घड्याळ बांधायला घेतलं. काचेच्या नळ्यांत नारिंगी आकडे पेटणारं आणि रेडिओवरून खरी वेळ आपली आपण पकडणारं. पण हेडफोन कानाला लावला की नुसती खरखर. तिच्यात वेळेचा सिग्नल बुडून जायचा आणि नळ्यांत चार शून्यं तशीच जळत राहायची. आपला पॉवर सप्लायच नाठाळ, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. त्याने कॉइल गुंडाळल्या, कपॅसिटर बदलले, शेवटी सप्लायला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कोंडलं. खरखर तसूभर कमी होईना.

पलीकडच्या खोलीत ऑक्सिजनच्या मशीनची घरघर चालू असायची. तिच्यातूनच बायकोचा आवाज यायचा, "अहो, जरा येऊन बसता का?"

"एवढी खरखर थांबू दे गं, आलोच."

असे तीन आठवडे गेले. मग एका दुपारी, त्याने कशालाही हात लावला नसताना, खरखर एकदम थांबली. दोन-तीन मिनिटांत शून्यं गेली आणि चार सतरा उजळले.

"अगं, जमलं! आलोच बघ!" हेडफोन काढत तो ओरडला.

घरात कुठेच आवाज नव्हता. दारात नर्सबाई उभ्या होत्या, हातात रोजचा तक्ता.

"काका, मशीन बंद केलंय मी," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांची नजर टेबलावर गेली. "वेळ लिहायचीय. तुमचं हे घड्याळ बरोबर आहे ना?"