वहिनीची फोटोतली जागा

जवळ सरकून बसा मायबाप, भजन झालं, आता एक गोष्ट ऐका.

डिलाईल रोडच्या चाळीत दीपक आपल्या लग्नाच्या जुन्या सीडीतले फोटो कॉम्प्युटरवर कमांड देऊन जेपीजी या नव्या प्रकारात बदलत होता. त्या लग्नात विधवा रखमावहिनीला त्यानेच बाजूला केलं होतं. "शुभकार्य आहे वहिनी, तू फोटोत नको." त्याच झुरणीने ती वर्षभरात गेली.

पहिला बदललेला फोटो उघडला, तर कडेला वहिनी उभी. दुसऱ्यात ती चार माणसं पुढे सरकलेली. शेवटच्यात नवरीशेजारी वहिनीच होती, थेट त्याच्याकडे बघत. दीपक कुठेच नव्हता.

"सीमा, जरा इकडे ये गं."

बायको आली. त्याच्या आरपार बघत पुटपुटली, "कॉम्प्युटर कोणी चालू ठेवला?"

मायबाप, रखमावहिनीची आठवण ठेवा. दीपकची आता कोणालाच नाही.